राखेनं घासलेली बाजू

पुंडलिकनगरात आमच्या घराशेजारचा प्लॉट बरीच वर्षं मोकळा होता. मालक पुण्याला राहत. त्यांची हरकत नसल्यामुळे सासऱ्यांची घरगाडी तिथं उभी असे. घरगाडी हा त्यांचाच शब्द. जीपच्या मागं जोडून ओढायची, दोन चाकांची, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची खोली. आत दोन बाक, एक ओटा, स्टोव्ह आणि पाण्याची टाकी. बाहेरून रंग नाही. उघडा पत्रा आणि रिव्हेटच्या सरळ ओळी.

सासरे बसच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात पत्राकामाचे मिस्त्री होते. घराणं भिक्षुकांचं, त्यात हातोडी धरणारे ते पहिले. निवृत्तीनंतर त्यांनी ही गाडी बांधली ती सासूबाईंसाठी. त्यांना देश पाहायचा होता, पण बाहेरचं अन्न चालत नव्हतं आणि लॉजच्या गादीवर त्या झोपत नसत. सासऱ्यांनी स्वयंपाकघरच चाकांवर बसवलं. दोघं ओंकारेश्वरला गेले, गोकर्णला गेले, एकदा कन्याकुमारीपर्यंत जाऊन आले. सासूबाई वारल्यानंतर गाडी कुठंही गेली नाही. सासरे आमच्याकडे राहायला आले, गाडी शेजारच्या प्लॉटवर आली, आणि वर्षातून दोनदा ते तिला मेण लावत राहिले: एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर, एकदा पावसाळा संपल्यावर.

ज्या वर्षाबद्दल लिहितो आहे ते सलग तिसरं कोरडं वर्ष होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई, तेही तासभर. मी दैनिकात पाणीपुरवठ्याच्या बातम्या लिहीत असे. धरणातला मृतसाठा, टँकरच्या फेऱ्या, फुटलेल्या जलवाहिन्या. त्याच काळात शहर चारी बाजूंनी पसरत होतं. पाणी नसलेल्या जागीही प्लॉट विकले जात होते आणि तेही मी लिहीत होतो. शेजारचा प्लॉट विकला गेल्याची बातमी मात्र मला घरी जेवताना कळली. नव्या मालकानं सभ्यपणे महिन्याची मुदत दिली. त्यानंतर पाया खोदायचा होता.

गाडी ठेवायला दुसरी जागा नव्हती. गल्लीत ती मावत नव्हती. भंगारवाला दोनदा येऊन पत्रा बोटांनी वाजवून गेला. "अशी नाय नेता यायची. चार तुकडे करावे लागतील," असं तो म्हणाला. महिन्यात जागा मिळाली नाही तर गाडी कापली जाणार, एवढं त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना स्पष्ट झालं.

जागा पत्नीनं शोधली. ती शाळेत शिकवत असे. तिच्या एका सहकारी शिक्षिकेच्या दिराची दौलताबादला, किल्ल्याच्या अलीकडं, सीताफळाची बाग होती. त्यानं रस्त्यालगत पर्यटकांसाठी चहा-जेवणाची सोय सुरू केली होती. मुक्कामाला एक खोली हवी होती, पण बांधकामाला पाणी कुठून आणणार? तयार खोली त्याला चालणार होती. त्याचा निरोप आला: पुढच्याच्या पुढच्या रविवारी येऊन बघतो, गळकी असली तर नको.

"बारा दिवस," सासरे म्हणाले. "पुरतात."

कामाचा क्रम त्यांच्या मते बदलता येत नव्हता. आधी धूळ, मग धुणं, गरज असेल तिथं पॉलिश, शेवटी मेण. पॉलिश आणि मेण एकच समजणाऱ्या माणसाशी ते पुढं बोलत नसत. पॉलिश पत्र्याचा पापुद्रा काढतं, मेण पापुद्रा चढवतं. म्हणून पॉलिश क्वचित आणि मेण नेमानं. पत्रा तापलेला असताना मेण लावायचं नाही, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी साडेआठला काम बंद. एका वेळी वीतभर चौकोन. हात गोल फिरवायचा नाही, पत्र्याच्या रेषेत सरळ न्यायचा. मेण पांढुरकं दिसू लागलं की पुसायचं. लवकर पुसलं तर सगळं निघून जातं, उशीर केला तर निघता निघत नाही. रिव्हेटच्या कडेला साचलेलं मेण जुन्या टूथब्रशनं काढायचं, नाहीतर तिथं धूळ बसते आणि पुढं ओल धरते. कापड म्हणून जुनं धोतर, काठ फाडून टाकलेलं.

अडचण धुण्याची होती. बोअरचं पाणी जड. वाळलं की पत्र्यावर पांढरे ठिपके उमटत. टँकरचं पाणी गाडीवर ओतणं शक्य नव्हतं. त्याच महिन्यात मी गाड्या धुणाऱ्यांविरुद्ध बातमी लिहिली होती आणि ती सगळ्या गल्लीनं वाचली होती. उपाय कार्यालयात सापडला. संगणकांच्या खोलीतल्या एसीच्या नळीतून दिवसभर पाणी ठिबकून गटारात जात होतं. तिच्याखाली कॅन लावला. दिवसाला एक कॅन भरे. तो स्कूटरवर पायांशी ठेवून घरी आणायचा. या पाण्यात क्षार नसतात. फडकं त्यात बुडवून, घट्ट पिळून पत्रा पुसत जायचं.

तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या काकू रिकामी घागर घेऊन प्लॉटच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"काय हो भाऊ, पेपरात लिहिता गाड्या धुवू नका म्हणून. अन् इथं गाडीला अभ्यंगस्नान चाललंय व्हय?"

"एसीचं पाणी आहे, काकू. प्यायचं नाही."

"एसीचं?" त्यांनी कॅनमध्ये डोकावून पाहिलं. "मग उद्यापासून अर्धा कॅन आमच्या कूलरला द्या. तुमच्या गाडीला काय उकडत नाय."

नाही म्हणता येत नव्हतं. गाडीच्या वाट्याला अर्धा कॅन उरला, आणि माझी चूक तिथून सुरू झाली.

त्या वर्षी आमच्या घरात भांडी पाण्यानं घासली जात नव्हती. बंबातली राख चाळून, ओलसर करून तिनं भांडं घासायचं आणि फडक्यानं पुसायचं. ॲल्युमिनियमची पातेली लख्ख निघत. हे मी रोज पाहत होतो. पातेल्याचा पत्रा आणि गाडीचा पत्रा यांत फरक असेल असं मला वाटलं नाही, आणि विचारावं असंही वाटलं नाही. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. पत्नी त्यांना तपासणीला घेऊन गेली होती. ते परत येईपर्यंत डावी बाजू उरकली तर त्यांचे दोन दिवस वाचतील, असा माझा विचार. मी बादलीभर राख आणि नारळाचा काथ्या घेतला. दीड ते चार या वेळात चार पत्रे घासून झाले. राख तशीच राहू दिली, वाळल्यावर पुसू म्हणून.

सासरे पाचला आले. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यांना नीट दिसत नव्हतं. नेहमीप्रमाणं घरात शिरण्याआधी ते गाडीपाशी गेले आणि पत्र्यावर तळहात ठेवला. मग तो नाकाशी नेला.

"हे काय आहे?"

"राख. बंबातली. पाणी वाचतं म्हणून—"

"जावईबापू, गाडीत मांजरानं तोंड घातलं होतं का?"

पत्नी हसली आणि लगेच थांबली. त्यांनी धोतराच्या सोग्यानं राख पुसायला घेतली होती. खाली पत्रा करडा पडला होता, मधूनमधून काळे डाग होते. काथ्याचे गोल ओरखडे बोटाला लागत होते. त्यांनी कारण एकदाच सांगितलं. पातेलं रोज घासतात, रोज आतला नवा पत्रा उघडा पडतो, म्हणून ते लख्ख दिसतं. राखेत खार असतो. ओली राख पत्र्यावर बसून राहिली की ती पत्रा खाते.

"पातेलं झिजलं की बाजारात दुसरं मिळतं," ते म्हणाले आणि चहा घ्यायला आत गेले.

सात दिवस उरले होते. उजवी बाजू, पुढचा भाग आणि मागचा भाग यांना मेण लावायचं होतं, आणि डावीकडचे चार पत्रे आधी हातानं पॉलिश करून ओरखडे काढायचे होते. सासऱ्यांनी कामाची वेळ वाढवली. पहाटे उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि पुन्हा ऊन उतरल्यावर दिवा लागेपर्यंत. दिसत नसल्यामुळे ते बोटांनी तपासत. ओरखडा बोटाला लागेनासा झाला की पुढची वीत. पत्र्याला हात लावायची मला मनाई होती. पाणी आणणं आणि जुनी चादर धरून सावली करणं, एवढं काम मला मिळालं. मी कार्यालयात रात्रपाळी मागून घेतली आणि सकाळ-संध्याकाळ चादर धरून उभा राहिलो. काकूंनी एकदा विचारलं, "भाऊ, शिक्षा किती दिवसांची?"

शनिवारी संध्याकाळी चारपैकी दोन पत्रे झाले होते. पत्नीनं सुचवलं, "बाबा, गाडी फिरवून ठेवू या का? डावी बाजू भिंतीकडं."

"तुला बघायला आले होते तेव्हा तुझी आई म्हणाली होती, चष्मा काढून बस. काढला होतास?"

"नाही."

"मग."

गाडी फिरवली नाही.

रविवारी अकराला बागवाला मोटारसायकलवरून आला. चाळिशीचा, उपरणं डोक्याला गुंडाळलेला. सासरे त्याला सरळ डाव्या बाजूला घेऊन गेले.

"हे असं कशानं झालं?"

"राखेनं घासलं."

"कुणी?"

"घरातल्यांनी."

"आमच्याकडं बी घासतात," तो म्हणाला. "पण पातेलं. खोली कुणी नाय घासली अजून." मग त्यानं छताकडं पाहिलं. "दिसायचं जाऊ द्या, मिस्त्री. गळती का नाय, ते सांगा. वरून दोन-चार घागरी ओतून बघावं म्हणतो."

गल्लीत त्या दिवशी कुणाकडंही दोन घागरी जास्तीच्या नव्हत्या. त्याच्याही लक्षात ते बोलताबोलता आलं.

"पाणी नको," सासरे म्हणाले. "ऊन आहे."

त्यांनी माझ्या पत्नीला घरातल्या गोधड्या आणायला सांगितल्या. खिडक्यांवर गोधड्या टाकल्या, बागवाल्याला आणि मला आत घेतलं आणि दार लावलं. कारखान्यात नवी बस अशीच तपासत: भर उन्हात, आतून अंधार करून. जिथून ऊन आत येईल तिथून पाणीही येईल.

आत काहीच दिसत नव्हतं. उकाडा असह्य होता. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला.

"उजेड नाय कुठं," बागवाला म्हणाला. "दार उघडा, शिजलो मी."

"थांबा," सासरे म्हणाले. त्यांना स्वतःला काही दिसणार नव्हतं. ते माझ्याकडं वळले. "तुम्ही बघा. ओळीनं. आणि असेल ते सांगा."

मी पुढच्या कोपऱ्यापासून एकेक ओळ पाहत मागं गेलो. मागच्या डाव्या कोपऱ्यात, छत आणि बाजू जुळतात तिथं, मोहरीएवढा उजेड होता. बागवाल्याची त्या बाजूला पाठ होती. नसल्याचं सांगितलं असतं तर त्याला कळलं नसतं.

"एक आहे," मी म्हणालो. "मागच्या कोपऱ्यात."

बागवाला वळला. त्यालाही दिसला. "म्हणजे गळती."

सासऱ्यांनी माझं मनगट धरलं आणि बोट तिथं ठेवायला लावलं. माझ्या बोटावरून त्यांचं बोट नेलं. रिव्हेट ढिलं झालं होतं. बाहेर येऊन त्यांनी पेटी उघडली, जुनं रिव्हेट काढलं, भोकात सील भरलं आणि मला आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायला लावून नवं रिव्हेट बसवलं. पाच-सहा ठोके पडले. हे सगळं त्यांनी जवळजवळ डोळे मिटून केलं. मग पुन्हा दार लावलं. या वेळी बागवाल्यानं स्वतः सगळ्या ओळी पाहिल्या. तो सावकाश पाहत होता आणि उकाड्याबद्दल काही बोलला नाही.

"मंगळवारी ट्रॅक्टर आणतो," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"एक अट आहे. वर्षातून दोनदा मेण मी लावणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"जावईबापूंनी?"

"त्यांनी तर मुळीच नाही."

मंगळवारी गाडी गेली. त्या आठवड्यात प्लॉटवर पाया खोदायला सुरुवात झाली. डावीकडचे दोन पत्रे राहिलेच होते, म्हणून सासरे दर रविवारी एसटीनं दौलताबादला जाऊ लागले, आणि सोबतीला मी. पहिला पत्रा पूर्ण झाल्यावर बागवाल्यानं त्यांना थांबवायचा प्रयत्न केला.

"मिस्त्री, आता ऱ्हाऊ द्या. किल्ल्यावरची वानरं लई येत्यात. चमकत्या पत्र्यात आपलंच तोंड बघून धडका मारत्यात. ही बाजू काळी हाय तेच बरं."

"काळी राहणार नाही," सासरे म्हणाले. शेवटचा पत्रा त्यांनी पुढच्या तीन रविवारांत पूर्ण केला. बागवाल्यानं दुसऱ्याच दिवशी त्या बाजूवर वरपासून खालपर्यंत तरटाचा पडदा टांगला. पुढं मेण लावायला गेलो की मी तरट वर उचलून धरत असे. सासरे खालच्या पत्र्यावरून बोट फिरवत, वीत-वीत मेण लावत, ते पांढुरकं होईपर्यंत थांबत आणि पुसत. पुसून झालं की म्हणत, "सोडा."

मी तरट खाली सोडत असे.