अजून सोपं होते काय?

पाटी हातभर लांब धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि विचारायचं, "माय, अजून सोपं होते काय?" आमच्या मास्तरांचं हे रोजचंच. उत्तर बरोबर आलं तरी हेच. तुम्हीही असे लोक पाहिले असतील, ज्यांना नुसतं बरोबर पुरत नाही.

अमरावतीत मुलींची शाळा एका शेटजींच्या वखारीत भरे. चौथीच्या पुस्तकात बीजगणित नव्हतं. मास्तरांनी ते आपल्या हौसेनं शिकवलं. अक्षरांचे अपूर्णांक आणि त्यांची वजाबाकी. कंसाच्या आधी वजा आला की ते फळ्यावर खडू आपटत. "हा दारात उभा हाय. आत बसले त्या सगळ्याईले लागते. पहिल्यालेच काहून मारता?" शेवटी खाली-वर सारखं असेल ते काटायचं. न काटता पाटी दिली की शून्य.

माझ्या शेजारी बसणारी सखू हळूच म्हणे, "मास्तरले त भाकरही सोपी करून वाढा लागत असन."

एकदा त्यांनी ते ऐकलं. "लागते ना. तुकडे करून," म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी पुढं शिकून त्याच शाळेत मुलींना शिकवावं, हे त्यांनीच माझ्या डोक्यात भरलं होतं.

मग कापसाला सोन्याचा भाव आला. शेटजींना वखार परत हवी झाली. ठरलं असं, की परीक्षक येतील. मुलींना काही येत असेल तर शाळा राहील, नाहीतर कापूस.

मास्तरांनी मलाच उभं केलं. चार माणसांत माझी मान वर होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. अ वर्ग भागिले अ वजा ब. त्यातून ब वर्ग भागिले अ वजा ब वजा करायचं होतं. छेद सारखाच. मी वर अ वर्ग वजा ब वर्ग लिहिलं, खाली अ वजा ब ठेवलं. पुढचं येत होतं. वरचे दोन अवयव पाडायचे, सारखा काटायचा, उरतं अ अधिक ब. तेवढ्यात पुण्याकडचे परीक्षक म्हणाले, "छान. पुरे, मुली. बस." मी खडू ठेवून बसले.

"पुरे नाई," मास्तर म्हणाले. "अपुरं हाय."

"अहो, मुलगी आहे. एवढं केलं हेच खूप."

"मुलगी असो का मुलगा. शून्य."

शेटजी पुढं सरकले. "ऐकलं ना साहेब? याईचाच मास्तर शून्य म्हणते."

"ऊठ माय, पुरं कर," मास्तर म्हणाले. सगळे पुरुष माझ्याकडे वळले. मी बसूनच राहिले.

थोड्याच दिवसांत फळा बाहेर आला आणि कापूस आत गेला. शेटजींचा मला राग नाही. त्यांना जागा हवी होती. परीक्षकांचाही नाही, त्यांचं जेवण निवत होतं. राग मास्तरांचा. एक शब्द गिळला असता तर सखू, मी, सगळ्याच शाळेत राहिलो असतो.

अकोल्याला मुलांच्या शाळेत शिकवायला जाण्याआधी मास्तर आमच्या दारी आले. हातात पाटी, तीवर तेच उदाहरण. बाबांना म्हणाले, "पोरीले एवढं पुरं करू द्या."

"आता कायले, मास्तर? शाळाच नाई राह्यली."

"शाळेसाठी नाई. तिले येते. तिनं शून्यावर राहू नये."

मी दाराआड होते. अ अधिक ब, एवढंच म्हणायचं होतं. तोवर मी लाजून गप्प राहत आले होते. त्या दिवशी रागानं राहिले.

ते उन्हात थांबले. पागोटं काढून घाम पुसला, पुन्हा घातलं. मग पाटी न पुसता काखेत मारली आणि कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत निघून गेले.