बाथरूमच्या काट्यावर ट्रेलर

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून घ्यायचं, असं आमच्या मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींत नव्या माणसाला पहिल्याच भेटीत बजावून ठेवतात. तक्रार नाही. मी पकडलेला मासा तळ्यापासून घरापर्यंत येताना वीतभर वाढतो. अंगणातला बर्फ गुडघाभर असला, तरी सोमवारी ऑफिसात पोचेस्तोवर तो धुराड्याला टेकलेला असतो. आमच्या कुकरच्या शिट्टीने मागच्या रानातली हरणं कॅनडात पळून गेली, हे मी सांगितलेलं आहे आणि निदान दोघांनी ते खरं मानलेलं आहे. पण ही जी गोष्ट सांगतोय तिच्यात वजाबाकी करू नका. यातली मापं बायकोने घेतलेली आहेत.

बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. आयुष्यभर लोकांच्या रक्तात काय किती आहे ते तिने मोजलं. घरीही मीठ सपाट चमच्याने घालते, चमच्यावर उरलेला ढीग बोटाने परत डब्यात सारते. मग एका वर्षी तिचे स्वतःचेच आकडे बिघडले. मूत्रपिंडं गेली. आता तिच्या पोटात कायमची एक बारीक नळी आहे. रात्री उशाशी मशीन चालतं, पोटात पाणी सोडतं, काही वेळाने काढून घेतं, पुन्हा सोडतं. सकाळी थोडं पाणी पोटातच ठेवून ती उठते आणि बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभी राहते. तो आकडा वर गेला की पाणी साठतंय, खाली आला की ती स्वतः कमी होतेय. दोन्ही वाईट. मी दाराबाहेरून विचारतो, ‘किती?’ ती सांगते. त्या आकड्यात मी आजवर काहीही मिसळलेलं नाही.

त्या वसंतात डॉक्टर म्हणाले, पोटाच्या आतला पडदा थकत चाललाय. हिवाळा येईपर्यंत बहुधा डायलिसिस सेंटरवर यावं लागेल. तिथे खुर्चीत बसून रक्त बाहेर काढून धुतात, एक दिवसाआड, आणि ते एकदा सुरू झालं की फार लांब जाता येत नाही. कुठे जायचं असेल तर या उन्हाळ्यात जाऊन या.  घरी येताना हायवेवरून आमच्या गावाकडे वळायचा एक्झिट आला तेव्हा ती म्हणाली, “मला पुलापलीकडे जायचंय.”

मिशिगनमध्ये पूल म्हटलं की एकच. राज्याचे दोन तुकडे जोडणारा, मॅकिनॉचा. डावीकडे एक सरोवर, उजवीकडे दुसरं, आणि पलीकडच्या तुकड्याच्या वरच्या काठाला सुपीरियर, त्या सगळ्या सरोवरांतलं थोरलं. आम्ही एवढी वर्षं इथे राहिलो आणि पूल ओलांडला नाही. कारण सांगायला लाज वाटते. दर उन्हाळ्यात भारतातून कुणी ना कुणी यायचं आणि आम्ही त्यांना नायगारा दाखवायला न्यायचो. नायगारा मी इतक्या वेळा पाहिलाय की तिथलं पाणी मला ओळख देतं. ती दरवेळी म्हणायची, पुढच्या वर्षी आपलं आपण उत्तरेला जाऊ. पुढच्या वर्षी तिची आत्या यायची.

हॉटेलात ती राहणार नव्हती. मशीन लावताना खोलीत वारा नको, धूळ नको. हॉटेलचा पडदा नुसता सरकवला तरी काय उडतं ते तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं होतं. म्हणून आम्ही एक वापरलेला छोटा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. आत पलंग, ओटा, खिडक्या घट्ट बंद होणाऱ्या. तिने तो दोन दिवस पुसून काढला. ओढायला माझा पिकअप ट्रक होताच. राहिला तो हिच.

हिच म्हणजे ट्रक आणि ट्रेलर यांच्यामधला सांधा. नुसता गोळा-खोबणीचा सांधा असला, तर ट्रेलरचं पुढचं टोक ट्रकच्या शेपटीवर बसतं. शेपटी दबते, नाक उचलतं, पुढची चाकं हलकी होतात आणि वाऱ्यात स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. त्यावर उपाय म्हणजे वजन वाटून देणारा हिच. त्याला पोलादाच्या दोन लांब स्प्रिंगसारख्या दांड्या असतात. त्या ताणून बसवल्या की शेपटीवरचा भार थोडा पुढच्या चाकांकडे, थोडा ट्रेलरच्या चाकांकडे जातो आणि सगळं सपाट चालतं. दांड्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. किती ताकदीच्या घ्यायच्या, हे ट्रेलरचं टोक किती जड आहे त्यावर.

इथे आमच्या मंडळींनी हात घातला. नोव्हायमध्ये दगड मारला तर तो गाड्यांच्या इंजिनिअरला लागतो आणि त्यातला दर दुसरा मराठी निघतो. शनिवारी माझ्या घरापुढच्या ड्राइव्हवेवर चहा-पोह्यांसकट रीतसर डिझाइन रिव्ह्यू भरला. ट्रेलरच्या माहितीपत्रकात टोकाचं वजन दिलेलं होतं, पण ते रिकाम्या ट्रेलरचं. सस्पेन्शनवाले म्हणाले, सामान धरा, वर मार्जिन ठेवा. ब्रेकवाले म्हणाले, यार, मराठी किचन आहे, कुकर, तांदूळ, वहिनींचं पोळपाट-लाटणं, आणखी मार्जिन. सीट्समध्ये काम करणारी आमची मैत्रीण म्हणाली, वहिनींच्या पाण्याच्या बॅगांची खोकी येणार, पुढच्या कप्प्यात, आणि मिशिगनचे रस्ते, तेव्हा आणखी. आम्हा लोकांना हे अंगवळणीच पडलेलं. आपापल्या खात्यात प्रत्येकजण थोडं जास्त धरतो, कुणाचाही पार्ट तुटू नये म्हणून. कुणी कुणाला विचारत नाही की तू आधी किती धरलंस. शेवटी मीही माझं थोडं धरलं, आणि माझं थोडं किती असतं ते वर सांगितलंच आहे. त्या हिशोबाने जो हिच आला त्याने घर पायासकट उचलून शेजारच्या राज्यात, टोलेडोला, नेऊन ठेवलं असतं. मला फार अभिमान वाटला. त्याच्या दांड्या माझ्या मनगटाएवढ्या होत्या. खरं तर दंडाएवढ्या.

ती सगळा वेळ खिडकीतून बघत होती. बाहेर आली ती रिकामे कप न्यायला. नुसतंच विचारलं, मोजलं का कुणी? सस्पेन्शनवाले म्हणाले, वहिनी, आम्ही सेफ साइडला आहोत. ती कप घेऊन आत गेली.

पुलाआधी एक रंगीत तालीम म्हणून जवळच्या स्टेट पार्कला निघालो. ट्रकची शेपटी केसभरही दबली नव्हती. मी खुशीत होतो, बडबडत होतो. आपल्या ट्रेलरमागे एक हत्ती बांधला तरी कळणार नाही, वगैरे. इथले हायवे काँक्रीटच्या तुकड्यांचे. दर जोडावर धक्का बसायचा, खट्, आणि त्या ताठ दांड्या तो जसाच्या तसा ट्रकच्या अंगात पोचवायच्या. कुठे वाकायचं म्हणून नाही. मला ते दणकट वाटत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ती माझ्या एकाही थापेला हसलेली नाही. बघितलं तर दोन्ही हात पोटावर धरून बसलेली, प्रत्येक जोडाच्या जरा आधी श्वास रोखून. पोटात पाणी होतं. दर धक्क्याला ते आतून आपटत होतं, नळीच्या जागेवर.

मी रेस्ट एरियात गाडी घेतली. कॉफीच्या मशीनजवळच्या बाकावर ती बसली. चेहरा पांढरा. मी म्हणालो, अगं, बोलायचं नाही का? ती म्हणाली, तुम्ही एवढे रंगात होता.

मग थोडं पाणी प्यायली, मोजूनच, आणि म्हणाली, “तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं ओझं जास्त धरलंत.”

ती खोक्यांबद्दलच बोलत होती. तरी मी उठून उगाच टायर बघायला गेलो. चाकापाशी जरा वेळ बसलो.

घरी सावकाश आणलं तिला. दोन दिवस ती पुलाबद्दल बोललीच नाही. मीही नाही. मला वाटलं, संपलं. नायगाऱ्याने खाल्लेल्या उन्हाळ्यांसारखा हाही गेला, आणि याच्यानंतर आता उन्हाळा नाही. त्या दोन दिवसांत मी कुणाला एकही गोष्ट सांगितली नाही. ब्रेकवाल्यांनी फोन करून विचारलं, बरं आहे ना?

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेरून विचारलं, ‘किती?’ तिने आकडा सांगितला आणि मग काटाच उचलून बाहेर घेऊन आली.

तो तिने ड्राइव्हवेवर ठेवला. माणसाच्या काट्यावर ट्रेलरचं टोक ठेवलं तर काटाच संपेल, म्हणून तिने लाकडी फळी आणायला लावली. फळीचं एक टोक विटेवर, एक काट्यावर, आणि ट्रेलरचं टोक विटेच्या बाजूला असं टेकवायचं की काट्यावर भाराचा फक्त तिसरा हिस्सा यावा. तरफेचा साधा नियम. आम्ही एवढे सगळे इंजिनिअर, शाळेत तो सगळ्यांनीच शिकलेला. पण त्याआधी तिने ट्रेलर भरायला लावला. अगदी खराखुरा. मशीन, पाण्याच्या बॅगांची खोकी, कपडे. पुढच्या कप्प्यातली खोकी तिने काढून मध्ये, चाकांच्या बरोबर वर ठेवायला सांगितली. किचनचा डबा मी उघडला. मंडळींनी कल्पिलेल्या किचनमधलं त्यात काही नव्हतंच. तिच्या पथ्यात डाळ नाही, बटाटा नाही, मीठ जवळजवळ नाही. थोडा तांदूळ, एक पातेलं, दोन ताटल्या. कुकर तिने घरीच ठेवला. म्हणाली, तिकडे हरणं राहू देत.

मी फळीवर भार सोडला. ती वाकून काटा वाचू लागली. मी म्हणालो, थोडं वरचं धरूया, सेफ साइड. तिने मान वर केली.

“जे आहे तेच सांगा मला. निदान या एका बाबतीत. हे मला पलीकडे नेईल का?”

“आता आहे त्या हिचने नाही,” मी म्हणालो. “हलका घेतला तर नेईल. वारा पडलेला असला तर. तरी दुखेल थोडं.”

“चालेल,” ती म्हणाली. “हे कळलं की चालतं.”

तो जाडजूड हिच परत गेला. दुकानात ती माझ्याबरोबर आली आणि आपला आकडा सांगून त्याला जुळणाऱ्या दांड्यांचे दोन हिच बाहेर काढायला लावले. एकाच्या दांड्या साखळीला टांगलेल्या, चालताना निमूट. पण वाऱ्यात ट्रेलर डुलायला लागला तर ते त्याला आवरत नाहीत. दुसऱ्याच्या दांड्या कंसात घट्ट बसतात, घासत फिरतात आणि डुलणं धरून ठेवतात. फक्त वळणावर कुरकुरतात, फार मोठ्याने. दुकानदाराने ते आधीच सांगितलं, कारण त्यावरून गिऱ्हाईक परत येतात. पुलावर वारा असतो हे आम्हा दोघांच्याही मनात होतं. ती म्हणाली, कुरकुर करणारा द्या, मला सवय आहे. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तिने कुणाकडे बघितलं ते कळलं.

ऑगस्टमध्ये निघालो. या दांड्या जोडावर किंचित वाकत होत्या, जणू धक्का आधी स्वतः घेऊन उरलेला आम्हाला देत होत्या. ती खिडकीतून बाहेर बघत होती, हात मांडीवर. पुलाच्या अलीकडे वाऱ्याचा इशारा लागलेला होता. उंच गाड्यांनी थांबायचं. आम्ही थांबलो. सरोवराच्या काठी ट्रेलर लावला, तिने मशीन लावलं, झोपली. सकाळी इशारा तसाच. ती नेहमीसारखी काट्यावर उभी राहिली, आकडा सांगितला, बरा होता. मी पुलाकडे बघत बसलो. एकदा म्हणणार होतो, हा वारा काहीच नाही, मी याच्या दुप्पट वाऱ्यात... नाही म्हणालो. दुपारी इशारा उतरला.

पुलावर ट्रेलरवाल्यांनी बाहेरच्या लेनमधून गोगलगाईच्या चालीने जायचं. बाजूची लेन लोखंडी जाळीची, तिच्यातून खाली पाणी दिसतं. मधोमध एक झोत आला आणि ट्रेलर ढकलला गेला. मला ते हातात कळलं. दांड्या मोठ्याने कण्हल्या आणि त्याला धरून ठेवलं. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की पुढे दोन दिवस बोटं... जाऊ दे. घट्ट धरलं होतं.

“धरलं ना त्याने?” तिने विचारलं.

“धरलं.”

बाकी सगळा पूल ती जाळीतून खाली बघत होती.

दुसऱ्या दिवशी सुपीरियर. पाणी इतकं थंड, की ऑगस्ट आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ती चपला काढून घोट्यापर्यंत उभी राहिली. फार वेळ नाही. लाटा लहानच होत्या. मी तिथे होतो, मी बघितल्या. गुडघ्याला लागतील एवढ्याही नव्हत्या.

आता ती सेंटरवर जाते. एक दिवसाआड, पहाटे, बर्फ असो नसो. मी तिच्या खुर्चीजवळ बसतो. ट्रेलर अंगणात ताडपत्रीखाली आहे. दांड्या मी गॅरेजमध्ये पुसून, ग्रीस लावून ठेवल्यात. वापरायच्या असोत वा नसोत, गंजू द्यायच्या नाहीत. परवा तिथल्या नव्या नर्सने सुई लावता लावता विचारलं, उन्हाळ्यात कुठे जाऊन आलात? बायको इंग्रजीत सांगू लागली. पूल, वारा, सुपीरियर. लाटा केवढ्या होत्या, हे दाखवायला तिने मोकळा हात वर केला. खांद्यापर्यंत. मग आणखी वर, डोक्याच्याही वर.

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, हो, तेवढ्याच होत्या.