मोठे मासे मी परत पाण्यात सोडले

मित्रांनो, आज सकाळी मिरजगावच्या आमच्या शेततळ्यावर धाकट्या भावाशी चांगलंच वाजलं. जाळ्यात सायप्रिनस, म्हणजे तळ्यातच अंडी घालणारे कार्प मासे तडफडत होते आणि व्यापारी टेम्पो चालू ठेवून उभा होता.

मी निवडून सगळ्यात मोठे मासे परत पाण्यात सोडायला लागलो.

व्यापारी म्हणाला, "बारके मला आन् मोठे तळ्याला व्हय? मग मी निघतो."

"दादा, ह्या मालावर घर चालतं आपलं," भाऊ म्हणाला.

मी थांबलो नाही. वय एक, खाद्य एक, तरी जे जास्त वाढले, त्यांची वाढ थोडीफार रक्तातूनच आलेली असते. दरवर्षी तेच विकले, तर पुढची पिल्लं बारक्यांचीच होणार. हे मी स्वतः वाचून, पाहून शिकलोय.

टेम्पो रिकामा गेला.

तुमच्या तळ्यात पिल्लांचे आईबाप म्हणून कोणते मासे उरतात?