डाल्यावर वाळत घातलेल्या फ्लॉप्या

नोकरी लागली तेव्हा मला कॉम्प्युटर चालू करता येत होता आणि बंद करता येत होता. मधलं फारसं काही कळत नव्हतं. मी पोलादपूरचा, रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेला. महाडच्या कारखान्यांना कॉम्प्युटर विकणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीला इकडे माणूस हवा होता. त्यांनी सहा दिवस शिकवलं, स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं आणि परत पाठवलं. वडील विचारायचे, "म्हणजे तू नक्की काय दुरुस्त करतोस?" मी सांगायचो, पण माझं मलाच पटत नसे. रेडिओ बिघडला तर निदान जळल्याचा वास यायचा. इथे पडद्यावर एक ओळ उमटायची आणि ती पुस्तकात कुठेच सापडायची नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. एका रसायनाच्या कारखान्यात मी आठवड्यातून दोनदा जात असे. तिथे चाळिशीचे एक शिपाई होते, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीतले. मी त्यांना काका म्हणायचो. बरीच वर्षं रोजंदारीवर होते. गणपतीनंतर कायम करू, असं मॅनेजरनी त्यांना त्या वर्षी सांगितलं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत सगळेच चपला काढून जात, हे मात्र आत शिरताना मशीनला हातही जोडत. मी दिसलो की म्हणायचे, "काय ओ मिस्त्री, आज कुणाला ताप आलाय?" आणि लगेच पुढे, "कायम झालो की पयला रेडिओ घेनार. बिघडला तर तुमी हायच."

जुलैत सलग आठ दिवस पाऊस लागला होता. एका सकाळी मशीन एकही फ्लॉपी वाचेना. कुठल्या पिंपात कोणता माल, तो कधी तयार झाला, ही सगळी नोंद त्या काळ्या, पातळ फ्लॉप्यांवर होती. त्यांच्या नकलाही त्याच कपाटात ठेवलेल्या. बाहेर काढून पाहिल्या तर दोन्ही संचांवर पांढरी बुरशी. मी मुंबईला ट्रंक कॉल लावला. तासाभराने आमचे वरिष्ठ लाइनवर आले. म्हणाले, "दमट झाल्या असतील. कोरड्या करून घे, पण..." आणि लाइन गेली. ती पुन्हा लागेना. सावित्री नदीचं पाणी रस्त्यावर आल्यामुळे मुंबईहून कुणी येण्याचीही आशा नव्हती. मॅनेजर दर दहा मिनिटांनी दारात येऊन उभे राहत.

कोरड्या कशा करायच्या? पुस्तकात पावसाळा नव्हताच. मला आमच्या घरची शेगडी आठवली. पावसाळ्यात निखाऱ्यांवर कोंबड्या झाकायचं डालं पालथं घालून आई त्यावर धाकट्याची दुपटी वाळवायची.

"काका, डालं मिळेल का एखादं?"

"कशाला? कोंबड्या पालताय का हितं?"

मी काय करायचं ते सांगितलं. ते हसायचे थांबले. "मिस्त्री, दुपटी येगली नि ह्या येगल्या. पापडागत वाकल्या म्हंजे?"

"नाही वाकत. पुस्तकात लिहिलंय," मी म्हणालो. पुस्तकात असं काहीही नव्हतं.

त्यांनी कँटीनमागून डालं आणि शेगडी आणली. फ्लॉप्या एकेक करून मांडल्या आणि मन लावून उलटू लागले. नकलांचा संचही मीच त्यांच्या हातात दिला. मग मॅनेजरनी बोलावलं म्हणून आत गेलो. वीसेक मिनिटांनी परतलो तेव्हा बहुतेक फ्लॉप्यांच्या कडा वर आल्या होत्या. काका तशाच एकीवर तळहात दाबून बसले होते.

मॅनेजर माझ्या मागोमाग आले होते. "हे कुणी केलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला भीती वाटत होती हे खरं, पण त्या क्षणी डोक्यात नुसता गोंधळ होता. ठरवून गप्प बसलो की नुसता गप्प राहिलो, हे मला आजही सांगता येत नाही. पण पुढचं मात्र गोंधळात झालं नाही. रिपोर्टबुक काढलं, कार्बन घातला आणि बिघाडाच्या कारणापुढे इंग्रजीत लिहिलं की ऑफिसच्या शिपायाने फ्लॉप्या आगीवर धरल्या.

"काय लिवलंत?" काकांनी विचारलं.

"मशीन बंद आहे, एवढंच."

गणपती झाले. काका कायम झाले नाहीत, त्यांना कामावरच येऊ नका म्हणून सांगितलं. रिपोर्ट व्यवस्थित लिहितो म्हणून माझ्या कंपनीने मला मात्र कायम केलं. पुढची सगळी वर्षं मी हेच काम केलं, बऱ्यापैकी शिकलोही. त्या वाडीची एसटी पोलादपूरच्या स्टँडवर लागलेली दिसली की मी पेपर उघडायचो.

गेल्या वर्षी वाडीत गेलो. रिपोर्टची गुलाबी प्रत मी कधी फेकली नव्हती, ती खिशात होती. काका जाऊन सहा वर्षं झाली होती. ओटीवर त्यांची बायको तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"त्यांनी रेडिओ नाय घेतला कदी," ती म्हणाली. "लेकानं मोबाइल दिला, तर हात नाय लावला. म्हनायचे, माज्या हाताला मशीन सोसत नाय. कारखान्याचं मशीन माज्याच हातानं मेलं."

त्यांची नोकरी मी घालवली, हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी मला दोष दिला असेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, आणि त्यात मला थोडा आधारही वाटत होता. त्यांनी स्वतःच्या हातांना दोष दिला होता.

"मी सांगितलं तसंच त्यांनी केलं," मी म्हणालो. "उलट त्यांनीच मला हटकलं होतं. वाकतील म्हणाले होते."

"हे त्यांना सांगायचं होतं, भावजी."

मी गुलाबी कागद पुढे केला. तिने तो पाहिला आणि परत दिला. "हे विंग्रजी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. खरं काय ते मराठीत लिवून द्या. नात साळंत जाते, ती वाचून दाखवील."

म्हणून हे लिहिलं आहे. दोन वेळा फाडलं. दोन्ही वेळा लक्षात आलं की मी पावसाबद्दल आणि तुटलेल्या ट्रंक कॉलबद्दलच जास्त लिहिलं होतं.