मदतीचं बटण

वाघोलीच्या कारखान्यात सगळे वेगवेगळ्या भाषांचे कामगार, म्हणून आम्ही प्रत्येक टेबलावर टॅब बसवले. पडद्यावर फक्त काम करणारे हात दिसत, शब्द नव्हते. चुका थांबल्या, आणि एकमेकांना विचारणंही.

खिडकीजवळचा एक ओडिया कामगार मात्र रोज जेवणाच्या सुट्टीआधी टॅबवरचं मदतीचं बटण दाबायचा, की त्याच्या टेबलावरचा दिवा पेटायचा. मी जाऊन बघावं तर जोडणी अचूक. तो स्वच्छ टॅब पुन्हा पुसत उभा.

“आज काय अडलं?” एकदा मी वैतागून विचारलं.

“कुछ नहीं, मॅडम. पहले पूछना पड़ता था, तो बात हो जाती थी.”

पुढे साहेब म्हणाले, “ते बटण काढून टाका. कुणाला लागत नाही.”

“लागतं,” मी म्हणाले.

तेवढ्यात त्याच्या टेबलावरचा दिवा पेटला. मी डबा घेऊनच गेले.