यादीतल्या पाच ओळी

सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मस्नियाने बिंग्काचा नववा साचा भट्टीतून काढला आणि दहावा आत सरकवला. सातपर्यंत दोनशेवीस डबे भरायचे होते. प्रत्येक डब्यात बिंग्काची, म्हणजे अंडी आणि नारळाच्या दुधाच्या मऊ केकची, एक फोड, एक तिखट करंजी आणि पाण्याचा एक बंद पेला. कांडांगानच्या सभागृहात आज आणि उद्या लेखकांचा मेळावा होता आणि न्याहारीचं काम तिच्याकडे होतं. याच मेळाव्याला ती लेखिका म्हणूनही जाणार होती. हे फक्त तिच्या नवऱ्याला, शहरानीला, ठाऊक होतं.

"आधी डबे पोचव, मग लेखिका हो," डब्यांच्या थप्पीला दोरी बांधत तो म्हणाला.

"दोन्ही एकदम होता येतं."

"बघू की."

तिच्या पिशवीत एकशेशहाऐंशी पानं होती. चेंपाकाच्या खाणीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून हिरे चाळणाऱ्या बायकांची कादंबरी. चार वर्षं, अकरा वह्या आणि मग टायपिंगच्या दुकानाच्या चकरा. मेळाव्याला जाकार्ताहून पालुपीबाई नावाच्या संपादक येणार होत्या. पाच जणांचं लेखन त्या दहा-दहा मिनिटं बघणार आणि दुपारी एकला विमानतळाकडे निघणार. त्यासाठी नाव नोंदवायचा कागद साडेआठला दाराजवळच्या टेबलावर ठेवणार होते. त्यावर पाच ओळी.

मस्निया सव्वाआठलाच टेबलापाशी येऊन उभी राहिली. एवढ्यात आयोजकांचे प्रमुख हाजी गझाली लगबगीने आले.

"अचिल, पुढच्या रांगेत डबे नाहीत."

अचिल म्हणजे मावशी, जसं अमांग म्हणजे काका. कांडांगानमध्ये तिला सगळे याच नावाने ओळखत.

"अमांग हाजी, मी आज नाव नोंदवायला आलेय. मी लिहिते."

"लिहा की, कोण नको म्हणतंय? पण आधी पुढची रांग. पाहुणे दारात आहेत."

पाहुणे दारात नव्हते. ते आले दहा वाजून पाच मिनिटांनी. पण पुढच्या रांगेत वीस डबे मांडून मस्निया परतली तेव्हा आठ बेचाळीस झाले होते आणि पाचही ओळी भरल्या होत्या.

पाचही नावं शिक्षकांची होती. एकाच छापाचे बाटिक शर्ट घालून ते घोळक्याने आले होते. मेळाव्याचं प्रमाणपत्र मिळालं की बढतीसाठीचे तास भरतात, म्हणून दरवर्षी येत. इथे कुठल्याही कार्यक्रमाला दारात कागद असतो. त्यावर सही केली की प्रमाणपत्र मिळतं. त्यामुळे कागद दिसला की हात आपसूक पेनाकडे जातो, वर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. हजेरीचा कागद शेजारीच होता. गुरुजींनी दोन्हींवर सह्या केल्या होत्या.

"यातलं एक नाव खोड," मस्निया नोंदणीच्या टेबलामागे बसलेल्या एर्नाला म्हणाली.

"खोडाखोड केली की मला बोलणी बसतात, अचिल. गुरुजींनाच सांगा ना."

पाचव्या ओळीतले बख्तियार गुरुजी खिडकीपाशी बिंग्का खात होते.

"गुरुजी, तुम्ही काय लिहिलंय?"

"कुठे?"

"म्हणजे कथा, कादंबरी, काही?"

"छे हो. मी भौतिकशास्त्र शिकवतो."

"मग संपादकबाईंच्या यादीत तुमचं नाव कसं?"

"ती हजेरी नाही होय?"

"नाही. तेव्हा नाव काढून घ्या."

गुरुजींचं चावणं थांबलं. "काढलं आणि प्रमाणपत्रच आलं नाही तर? गेल्या वर्षी माझे आठ तास असेच बुडाले, अचिल. नाव आहे तिथे राहू दे."

मस्निया बाकीच्या चौघांकडेही जाऊन आली. उत्तर तेच, फक्त बुडालेले तास वेगवेगळे.

मग भाषणं झाली. चार वक्ते. प्रत्येकाने त्याच अकरा मान्यवरांना पदांसकट वंदन केलं. चौथ्या वंदनापर्यंत मस्नियालाही ती पदं पाठ झाली. पावणेबाराला पालुपीबाईंची खोली उघडली. पहिले गुरुजी एका मिनिटात बाहेर आले. दुसऱ्यांनी प्रमाणपत्र कधी मिळेल ते विचारलं. तिसऱ्यांनी आणि चौथ्यांनी बाईंसोबत फोटो काढून घेतला. चौथे बाहेर आले तेव्हा मागून बाईंनी निघायला पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

मस्नियाने बख्तियार गुरुजींची बाहीच धरली.

"नाव तुमचंच राहू दे. आत मी जाते."

"आणि माझा फोटो?"

"मी काढून देईन."

"मग जा."

पालुपीबाईंनी यादी पाहिली, मग तिला पाहिलं. "बख्तियार?"

"ते बाहेर आहेत. त्यांनी काही लिहिलेलं नाही. मी लिहिलंय."

बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. तिची पानं घेऊन वाचू लागल्या. दहा-बारा पानं उलटली. मस्निया उभीच होती.

"तुमची कादंबरी सातव्या पानावर सुरू होते. आधीच्या सहा पानांत तुम्ही मला नुसती खाण दाखवत हिंडताय. ती काढून टाका."

त्या सहा पानांना तिला आठ महिने लागले होते.

"आणि या पानाला तेल लागलंय."

"बिंग्काचं आहे. तुमच्या डब्यातल्या."

"म्हणजे डबेवाल्या तुम्हीच? मला वाटलं—" बाईंनी वाक्य सोडून दिलं आणि कागदाच्या कोपऱ्यावर ई-मेलचा पत्ता लिहिला. "सातव्या पानापासून पुढची पन्नास पानं पाठवा. उद्या दुपारपर्यंत. सोमवारी आमची बैठक आहे. त्यानंतर तीन महिने मी नवं काही वाचत नाही."

मस्नियाने कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग बख्तियार गुरुजींना आत बोलावून त्यांचा बाईंसोबत फोटो काढला. गुरुजींचे डोळे मिटले होते, म्हणून पुन्हा काढला.

प्रमाणपत्रं चारला वाटली. मस्नियाला मिळालं नाही, कारण तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. हाजी गझालींना मात्र ती आठवली.

"अचिल, उद्या समारोपाला दीडशे. सातला. आणि आजच्यासारखं पुढच्या रांगेला उशीर नको."

घरी शहरानीने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"सहा पानं फेका म्हणाल्या."

"बाकीची ठेवायला सांगितली ना?"

ती उद्यासाठी अंडी मोजायला बसली. कादंबरी टायपिंगच्या दुकानातल्या संगणकात आहे, पन्नास पानं तिथूनच पाठवायची आहेत. उद्या रविवार, आणि रविवारी ते दुकान सकाळी सात ते नऊच उघडं असतं. म्हणून उद्याचे डबे शहरानी नेणार आहे.