यानातले साधे कपडे

माझी मुलगी आठवीत असताना अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी निवडली गेली. विषय तिचाच : अंतराळवीर यानाच्या आत काय घालतात. मी हौसेनं चंदेरी नायलॉन आणलं, तर ती माझ्यावर बिघडलीच.

"आई, तसा डिरेस उडताना घालतात. आतमधी साधेच कपडे असतात. सुती टी-शर्ट, पँट, अन् पायात नुसते मोजे."

मग आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातून जाड सुती कापड आणून मी पँट शिवली. मांडीवर व्हेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या. तिथं चमचासुद्धा सोडला की तरंगत जातो म्हणे, म्हणून तो मांडीला चिकटवून ठेवायचा.

प्रदर्शनात शाळेनं पुठ्ठ्या-थर्माकोलचं यान उभारलं होतं. आत शिरायला रांगत जावं लागे. तरंगू नये म्हणून अंतराळवीर पाय पट्ट्यांत अडकवतात, तेही दाखवायचं होतं. त्यामुळे तिचे पाय तळाशी घट्ट अडकवलेले. वर मोठा दिवा.

परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले, तेवढ्यात जळका वास आला. यानाच्या फटीतून काळा धूर निघत होता.

"आई! पाय निघून नाही राहिला!"

मी तशीच आत घुसले. दिव्याजवळचं थर्माकोल पेटून त्याचे थेंब खाली गळत होते. एक तिच्या मांडीवर पडला. मी तो पदरानं झटकला. तिचा एक पाय निघाला होता, दुसऱ्याची पट्टी काही सुटेना. बाहेर तिच्या शाळेचे सर ओरडत होते, "प्लग काढा, आधी प्लग काढा!" मी तिचा घोटा धरून जोरात हिसका दिला. मोजा पट्टीतच राहिला, पाय सुटला. तिला ओढत बाहेर आणलं, तेव्हा कोणीतरी वाळूची बादली यानावर उलटी केली.

पँटला काळं भोक पडलं होतं, खाली कातडी लाल झाली होती. प्रदर्शनातल्या प्रथमोपचाराच्या टेबलाशी मलम लावताना डॉक्टर म्हणाले, "नायलॉन असतं तर वितळून कातडीला चिकटलं असतं."

मी म्हटलं, "चाल, घरी जाऊ."

"नाही. मले सांगायचं हाये."

एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, अशी ती परीक्षकांसमोर उभी राहिली. आवाज कापत होता, पण थांबली नाही. तिनं काय सांगितलं ते मला आठवत नाही. मी फक्त तिच्या डोक्यावरचे दिवे बघत होते.

बक्षीस मिळालं नाही. बसमध्ये ती लगेच झोपली. अकोला येईपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही.